सामाजिक-राजकीय हिप-हॉप ऐकायला सुरुवात करायचीये, पण इंग्रजी रॅपचे शब्द पटकन कळत नाहीत. पहिला अल्बम कुठला ऐकू?

पब्लिक एनेमी ह्या अमेरिकन रॅप ग्रुपचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक', १९८८ चा. शब्द कळत नाहीत म्हणताय म्हणूनच हा सांगतोय, कारण ह्यातला राग आधी आवाजातून येतो, शब्द मागाहून.

'रेबेल विदाऊट अ पॉज' लावा. आधी भाषणातलं एक वाक्य येतं आणि लगेच कुकरची शिट्टी अडकून बसावी तशी एक किंचाळी सुरू होते ती गाणंभर पिच्छा सोडत नाही. मुळात तो सॅक्सोफोन आहे, जेम्स ब्राउनच्या बँडच्या १९७० च्या रेकॉर्डमधला इवलासा तुकडा, तोच फिरवत ठेवलाय. कानाला त्रास होतो, आणि तो व्हावा म्हणूनच केलंय. अल्बमचं संगीत रचणारा हँक शॉकली आणि त्याची 'बॉम्ब स्क्वॉड' टीम असे कित्येक तुकडे एकावर एक रचायची, आणि त्या सगळ्या गोंगाटावर ग्रुपचा मुख्य रॅपर चक डी ह्याचा तो भारदस्त आवाज, काय बोलतोय ते नाही कळलं तरी हा माणूस विनंती करत नाहीये हे लगेच कळतं. १९९१ साली न्यूयॉर्कच्या कोर्टाने विनापरवानगी सॅम्पलिंगविरुद्ध, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डचे असे तुकडे न विचारता वापरण्याविरुद्ध, निकाल दिला, त्यानंतर असा अल्बम बनवणं फार महागात जायला लागलं.

मग 'ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस'. हे मात्र शब्द समोर ठेवून ऐका, कारण ही सरळ गोष्ट आहे. एका काळ्या माणसाला सरकारचं पत्र येतं, सैन्यात भरती हो. तो म्हणतो ज्या देशाने मला कधी माणूस मानलं नाही त्याच्यासाठी मी का लढू, आणि थेट तुरुंगात जातो. तिथून पळून जायचा बेत, गार्डची बंदूक, सगळं तो अगदी थंडपणे सांगतो, आणि मागे आयझॅक हेजच्या गाण्यातला पियानो तोच तोच वाजत राहतो, त्यात तुरुंगातले दिवस ऐकू येतात. अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ लाच बंद झालेली, तरी १९८८ मध्ये ही गोष्ट शिळी वाटली नाही ह्यातच सगळं आलं.

'नाईट ऑफ द लिव्हिंग बेसहेड्स' क्रॅक कोकेनच्या व्यसनावर आहे, त्यात आपल्याच वस्तीत माल विकणाऱ्यांनाही सोडलेलं नाही, हे मला फार आवडतं. 'शी वॉच चॅनल झिरो' मला पटत नाही, टीव्हीवर टीका करायची तर सगळा दोष बाईच्याच माथी का? ते सोडून दिलंत तरी चालेल.

शेवटचं गाणं 'पार्टी फॉर युअर राइट टू फाइट' सोडू नका. ते काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पार्टीवर आहे, १९६६ साली ओकलंडमध्ये निघाली ती. तिच्यावरूनच १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर काढली, म्हणून नामदेव ढसाळ वाचले असतील तर हा सूर तुम्हाला अजिबात परका वाटणार नाही.

आवडला तर पुढचा त्यांचाच १९९० चा 'फिअर ऑफ अ ब्लॅक प्लॅनेट' ऐका, आणि दोन्ही हेडफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवर खालचे थर ऐकूच येत नाहीत.