जर्मनीला निघालेल्या सिस्टरसाठी: कोणत्या कागदामागे करार आहे आणि कोणत्या नाही

सिस्टर, सांगलीच्या खासगी रुग्णालयातली नऊ वर्षांची नोकरी सोडून आठ वर्षांच्या मुलासकट जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात यावं का, असं तुम्ही विचारलंय. पुढे लिहिलंय, "दोन्ही सरकारांचा करार झालाय, म्हणजे आता अडचण नाही ना?" आणि शेवटी, "आई मात्र मागे एकटी राहील." या दोन वाक्यांमुळे मी लिहायला बसले. मी २०१६ साली याच राज्यात नर्स म्हणून आले. व्हिसाचा अर्ज, भाषेच्या परीक्षा, पगाराच्या अटी हे सगळं दूतावासाच्या संकेतस्थळावर नीट दिलंय, ते इथे पुन्हा लिहीत नाही.

करार झालाय हे खरं आहे. ५ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत भारत आणि जर्मनीने स्थलांतराच्या भागीदारीवर सह्या केल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्यात तुमच्यासारख्या नर्सही येतात. पण अशा करारांत दोन सरकारं आपापली गरज मांडतात: जर्मनीला माणसं हवीत, आपल्याला रोजगार हवा. तुमचा जन्मदाखला, मुलाची इयत्ता, आईचं म्हातारपण हे विषय तिथे येतच नाहीत. म्हणून माझं सांगणं एवढंच, की प्रत्येक कागद हातात घेतलात की विचारा, नेमक्या याच गोष्टीवर दोन देशांत काही ठरलंय का? जिथे ठरलेलं नाही, तिथे वेळ आणि पैसा तुमचा जाणार.

पहिलं उदाहरण अपॉस्टीलचं, म्हणजे कागद खरा असल्याच्या सरकारी शिक्क्याचं. ५ ऑक्टोबर १९६१ चा हेग करार आहे: एका देशाच्या कागदावर हा एक शिक्का बसला की दुसऱ्या देशाने पुन्हा शिक्के मागायचे नाहीत. भारतासाठी तो जुलै २००५ पासून लागू आहे. जर्मनीही सदस्य आहे. पण नव्याने येणाऱ्या देशाबद्दल जुन्या सदस्याला आक्षेप घेता येतो, आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. जर्मनीने भारताबद्दल तो आक्षेप घेतला. आपल्याकडचे एजंट मात्र राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असं सगळं करून देतात, पैसे घेतात, आणि "जर्मनीला चालतं" म्हणतात. जिथे खरेपणाची खात्री मागितली जाते, तिथे तो शिक्का पुरत नाही. जर्मन वकिलातीतर्फे माणूस नेमला जातो आणि तो तुमच्या गावात जाऊन मूळ नोंदवही बघतो.

माझ्या मुलाच्या जन्माची नोंद कराड तालुक्यातल्या ग्रामपंचायतीत होती. दाखल्यावर माझं नाव माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, आणि वहीत तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं. तपासणीचा अहवाल आला, शंका निघाली, प्रतिज्ञापत्र गेलं, पुन्हा वाट बघणं सुरू झालं. मुलाचा व्हिसा लांबत गेला. मी इथे, तो कराडला माझ्या आईकडे. फोनवर मला विचारायचा, "कधी येऊ?" मला उत्तर माहीत नव्हतं आणि कुठल्याही कार्यालयात ते देणारं कुणी नव्हतं. म्हणून आजच नोंदवही बघून या. दाखला बघून चालणार नाही, वहीच बघायची. नावात काना-मात्रेचा फरक असेल तर तो निघण्याआधी दुरुस्त करून घ्या.

हे एवढं सविस्तर लिहितेय कारण त्या उशिराची किंमत मुलाने शाळेत मोजली. तो २०१७ च्या उन्हाळ्यात आला आणि सप्टेंबरात चौथीत बसला. अर्धा दिवस भाषेचा तयारी वर्ग, अर्धा दिवस इतर मुलांबरोबर. इथे चौथीच्या मध्यावर, फेब्रुवारीच्या सुमाराला, पुढच्या शाळेची शिफारस देतात: गिम्नाझियम म्हणजे विद्यापीठाची वाट, रेआलशूले मधली, वेर्करेआलशूले सगळ्यात खालची. नऊ वर्षांचं मूल, भाषा येऊन काही महिने झालेले. गणितात वर्गाच्या पुढे होता. शिक्षिकेने माझ्यासमोर शिफारस वाचली, खालच्या शाळेची, आणि वाचली ती निकाल वाचावा तशी. २०१२ पासून या राज्यात ती शिफारस बंधनकारक नव्हती, शेवटचा शब्द पालकांचा होता. हे त्या खोलीत कुणी सांगितलं नाही. मला ते फार उशिरा एका तुर्की सहकारीणीकडून कळलं.

या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. मुलगा आता मेकाट्रॉनिक्सचं व्यावसायिक शिक्षण घेतोय, त्याला ते आवडतं, कारखान्यातले लोक त्याचं कौतुक करतात. तो मला म्हणतो, "आई, सोड आता." मला सोडता येत नाही. कारण मला वाटतं त्याची बुद्धी कुणी मोजलीच नाही. त्याचं जर्मन मोजलं, आणि ते कमी पडलं ते वहीतल्या एका नावापायी गेलेल्या महिन्यांमुळे.

ही तक्रार माझ्या एकटीची नाही. संयुक्त राष्ट्रांचे शिक्षणहक्काचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक, म्हणजे पाहणी करून अहवाल देणारे तज्ज्ञ, व्हेर्नोर मुन्योस २००६ मध्ये जर्मनीत येऊन गेले. इतक्या लहान वयात मुलांची विभागणी केल्याने गरीब आणि स्थलांतरित घरांतली मुलं मागे पडतात, असं त्यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं. पण असा अहवाल कुणावर बंधनकारक नसतो, आणि जर्मनीत शाळा हा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र विषय आहे. बालहक्कांच्या १९८९ च्या करारावर जर्मनीची सही आहे, भारतही त्यात आहे, पण त्या बळावर चौथीच्या वर्गात जाऊन भांडता येत नाही.

आता नियम बदललाय, तो नीट समजून घ्या. २०२४-२५ च्या चौथीपासून शिक्षकांची शिफारस, 'कोम्पास ४' ही चाचणी आणि पालकांची इच्छा या तिन्हींतल्या दोन गोष्टी गिम्नाझियमकडे झुकल्या तरच तिथे प्रवेश. फक्त पालक म्हणतात म्हणून आता चालत नाही, मग वेगळी परीक्षा द्यावी लागते. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. येणारच असाल तर तो इथल्या तिसरीत, शक्य झाल्यास वर्षाच्या सुरुवातीलाच बसेल असं बघा. ते जमत नसेल तर गेमाइनशाफ्टशूले शोधा, तिथे दहावीपर्यंत अशी वाटणी करत नाहीत. शाळेतल्या प्रत्येक भेटीला दुभाषी मागा आणि ठरलेलं लेखी घ्या. गप्प बसलेल्या आईला शाळा समाधानी समजते.

नोकरीचं थोडक्यात. युरोपीय संघात शिकलेल्या नर्सची पदवी २००५ च्या निर्देशानुसार बहुतेक आपोआप मान्य होते. भारताशी असं काही ठरलेलं नाही, त्यामुळे तुमचा अभ्यासक्रम तासातासाने तपासला जातो. इथलं शिक्षण २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचं. नर्सिंग कॉलेजकडून विषयवार तास लिहिलेलं पत्रक आणि रुग्णालयाकडून वॉर्डवार अनुभवपत्र निघण्याआधीच घ्या, इथून मागवलं तर कुणी दाद देत नाही. मान्यता मिळेपर्यंत तुम्ही मदतनीस, पगार कमी. आणि आपल्याकडे वॉर्डातल्या मावशी किंवा नातेवाईक करतात ते अंघोळ घालणं, भरवणं, लंगोट बदलणं इथे नर्सचंच काम आहे. मला त्यात कमीपणा कधी वाटला नाही. ज्यांना वाटला, त्या इथे टिकल्या नाहीत.

एकटेपणाबद्दल विचारलंत. येतो. पाळ्या, भाषेचा वर्ग आणि मूल यांत तो मागे पडतो. गणपती इथेही बसतो, आपली माणसं भेटतात. त्यासाठी निर्णय अडवू नका.

एका ठिकाणी मात्र करार खरोखर कामाचा आहे, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. इथे पेन्शनसाठी पगारातून १८.६ टक्के जातात, निम्मे तुमचे आणि निम्मे मालकाचे. पेन्शनचा हक्क यायला किमान ६० महिने भरावे लागतात, आणि या करारामुळे दोन्ही देशांतला काळ त्यासाठी एकत्र धरता येतो. तुमची नऊ वर्षं आहेत, म्हणजे आपल्याकडच्या पेन्शनला लागणाऱ्या दहाच्या आत, म्हणून ऑफिसमधले लोक म्हणतील की पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढून मोकळ्या व्हा. काढू नका. पेन्शनचं स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या नोकरीच्या वर्षांची नोंद असलेला कागद, घ्या आणि जपून ठेवा.

अजून एक विषय, नको वाटला तरी लिहिते. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावरून आईवडिलांत वाद झाला तर त्यासाठी १९८० चा हेग करार आहे. जर्मनी त्यात आहे, भारत नाही. पती सांगलीत राहणार असतील तर मुलाला आणण्याची त्यांची लेखी संमती नीट घ्या, आणि तो कुठे राहील, सुट्टीत कुठे जाईल हेही आताच, प्रेमात असताना लिहून ठेवा.

आता तुमच्या आईंबद्दल. १ मार्च २०२४ पासून जर्मनीने कायद्यात नवी तरतूद केली: त्या तारखेला किंवा त्यानंतर ज्यांना पहिल्यांदा कुशल कामगार म्हणून राहण्याचा परवाना मिळाला, त्यांना आईवडिलांना इथे राहायला आणता येतं. २०२८ च्या अखेरपर्यंत ती आहे. तुमची पदवी मान्य झाली आणि नर्स म्हणून राहण्याचा परवाना मिळाला की तुम्ही त्यात बसता. मी बसत नाही, कारण माझा परवाना आधीचा आहे. इतकी वर्षं इथल्या म्हाताऱ्यांची सेवा करते, इथे कर भरते, आणि ज्या आईने माझं मूल सांभाळलं म्हणून मला ही नोकरी धरता आली, ती उन्हाळ्यात नव्वद दिवसांच्या व्हिसावर येते आणि परत जाते. १८० दिवसांत नव्वदच. विमानतळावर ती दरवेळी म्हणते, "तिकडं माझी सवय आहे गं." मला माहीत आहे, गुडघे दुखत असताना ती जिना एकटीने चढते. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मला तुमचा हेवा वाटला. मग वाटलं, निदान हिला तरी हे वेळेवर कळू दे.

अडचण विम्याची आहे. सरकारी आरोग्य विम्यात आईवडिलांना घेत नाहीत, खासगी विमा काढावा लागतो आणि वय वाढलं की तो महाग होतो किंवा मिळतच नाही. त्यांचं वय किती, साखर किंवा रक्तदाब आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ते कळवा. आणि व्हिसाच्या मुलाखतीची वाट न बघता दोन-तीन खासगी विमा कंपन्यांकडून त्यांच्या नावाने लेखी दर मागवा, कारण तुमचा हिशेब बसतो की नाही ते त्या आकड्यावर ठरेल.