पाटीवरचं शेवटचं साल हे यंत्राच्या जन्माचं साल नव्हे

तुम्ही दोन यंत्रांबद्दल विचारलंत: जुन्या नाशकातल्या वाड्याच्या माळ्यावर निघालेला एडिसनचा नळकांडी फोनोग्राफ, ज्याच्या पाटीवर शेवटची तारीख 1903 आहे, आणि बाजारातून घेतलेला, कुत्र्याचं चित्र असलेला पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. दोन्ही 1903 चे धरायचे का? नाही.

पाटीवरची रांग पेटंट मिळाल्याच्या तारखांची असते. त्यातली सगळ्यांत अलीकडची तारीख फक्त एवढंच सांगते की यंत्र त्याआधीचं नाही. तीच पाटी पुढे अनेक वर्षं लागत राहायची. त्यामुळे दुसरी मर्यादा कंपनीच्या नावावरून काढा. 'नॅशनल फोनोग्राफ कंपनी' असेल तर यंत्र साधारण 1911 पर्यंतचं. त्या वर्षी नाव 'थॉमस ए. एडिसन, इन्कॉर्पोरेटेड' झालं. जुनं नाव असेल तर तुमचं 1903 ते 1911 मधलं. अनुक्रमांकाची तुलना त्याच मॉडेलच्या, त्याच अक्षराच्या यंत्राशीच करा. 'स्टँडर्ड' आणि 'होम' ही एडिसनची दोन वेगळी मॉडेलं, एकाचा आकडा दुसऱ्याशी लावला तर उत्तर चुकणारच.

आधीची नळकांडी (ज्यावर आवाज मुद्रित केलेला असतो) दोन मिनिटं वाजायची, चार मिनिटांची 'अँबेरॉल' नळकांडी 1908 मध्ये आली. यंत्रात दोन आणि चार मिनिटांचे गिअर दिसले म्हणून लगेच 1908 नंतरचं म्हणू नका. जुन्या यंत्रांवर बसवायचे जोडसंच कंपनीच विकत होती. रिप्रोड्यूसर (नळकांड्यावरचा आवाज उमटवणारा सुईचा भाग) तर हाताने काढून बदलता येतो: सी दोन मिनिटांचा, एच चार मिनिटांचा. त्यावरून यंत्राचं वय ठरवू नये.

दुसऱ्याबद्दल, म्हणजे ग्रामोफोनबद्दल, मला जास्त शंका आहे. 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर' हे नाव 1900 अखेर ते 1907 एवढंच चाललं. पाटीवर ते असेल आणि साउंडबॉक्सवर (सुई बसवलेल्या, आवाज काढणाऱ्या डबीवर) 5ए किंवा 5बी असेल, तर तो साउंडबॉक्स त्या काळचा नाही. तो 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या 1931 पासूनच्या 102 या पेटीवजा मॉडेलवर असायचा. मोटरवरचं 'मेड इन स्वित्झर्लंड' फक्त मोटरचं गाव सांगतं, यंत्राचं नाही.

चावीची स्प्रिंग पूर्ण उतरेपर्यंत चालू द्या, मगच मोटरफळी (जिच्या खाली मोटर बसवलेली असते ती फळी) उचला. गुंडाळलेली स्प्रिंग हाताला इजा करते आणि तिचा डबा घरी कधीच उघडू नये. आत बघा: फळीला जास्तीची भोकं, नवं प्लायवूड, बाहेरून काळवंडवलेलं पण आतून कोरं लाकूड दिसलं, तर ते जोडून बनवलेलं आहे. पाटीभोवतीचं आणि पाटीखालचं लाकूड एकाच रंगाचं असेल तर पाटी अलीकडे लावलेली. कर्ण्याला लोहचुंबक लावा. त्या काळचे पाकळ्यांचे रंगीत कर्णे बहुधा लोखंडी पत्र्याचे असत. पितळीही होते, त्यामुळे चुंबक चिकटला नाही एवढ्यावर निकाल देऊ नका. तांबट आळीतल्या कारागिराला सांध्याचा डाग, म्हणजे झाळकाम, नवा आहे का ते विचारा.

एक कळकळीची विनंती: पाटीला चिंच, पितांबरी, ब्रासो काहीही लावू नका. अक्षरांमधला काळा रंग निघून जातो आणि पुराव्याचं तेवढं नुकसान भरून येत नाही. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा, खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने तिरका धरा, पुसट आकडे उठून दिसतील. तसे फोटो, शिवाय साउंडबॉक्सची मागची बाजू आणि मोटरफळीची खालची बाजू इथे टाका.