कारखाना परदेशात हलवल्यामुळे नोकरी गेल्यास अमेरिकेत विशेष मदत मिळते का?

आपला प्रश्न असा आहे की, सुटे भाग बनवणारा अमेरिकेतील कारखाना मेक्सिकोला हलवल्यामुळे नुकतीच नोकरी गेलेल्या कामगाराला ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’ योजनेचा, म्हणजे आयातीमुळे किंवा काम परदेशात हलवल्यामुळे नोकरी गेलेल्यांना मदत करणाऱ्या केंद्रीय योजनेचा, लाभ मिळेल का. खेदाने सांगावे लागते की, मिळणार नाही. 1974 च्या व्यापार कायद्याखालील या योजनेची मुदत संपल्यामुळे 1 जुलै 2022 पासून अमेरिकेच्या कामगार खात्याने नव्या कामगार-गटांना मान्यता देणे थांबवले आहे.

तोपर्यंतची पद्धत अशी होती की, अर्ज एकट्याने नव्हे तर गटाने करावा लागे. तीन कामगार, त्यांची संघटना किंवा खुद्द मालकही तो करू शकत असे. वाढती आयात हे नोकऱ्या जाण्याचे एकमेव किंवा सर्वांत मोठे कारण असण्याची गरज नव्हती, महत्त्वाचे कारण असणे पुरेसे होते, आणि ही सवलत मला फार न्याय्य वाटते, कारण कारखाना सहसा एकाच कारणाने बंद पडत नाही. मान्यता मिळालेल्यांना प्रशिक्षणाचा खर्च आणि बेरोजगारी भत्ता संपल्यानंतरही काही काळ आर्थिक आधार मिळे.

ज्यांच्या गटाला आधीच मान्यता मिळाली होती आणि ज्यांची नोकरी 1 जुलै 2022 पूर्वी गेली, त्यांचा हक्क मात्र शाबूत राहिला. आपण राज्याच्या बेरोजगारी भत्त्यासाठी विलंब न लावता अर्ज करावा आणि जवळच्या ‘अमेरिकन जॉब सेंटर’मध्ये (सरकारी रोजगार-साहाय्य केंद्रात) विस्थापित कामगारांसाठीच्या प्रशिक्षणाची चौकशी करावी, तेथे नोकरी आयातीमुळेच गेली, हे सिद्ध करावे लागत नाही.