पणजीत दोन दिवस आहे. क्लब सोडून चित्रं आणि प्रत्यक्ष गाणं कुठे मिळेल?

चित्रांसाठी आधी आल्तिन्यो टेकडी चढा. तिथे सुनापरान्त हे कलाकेंद्र आहे. जुनं घर, मधे अंगण, गर्दी कमी, त्यामुळे एका चित्रासमोर हवं तेवढं उभं राहता येतं. स्कूटर असेल तर पिळर्णला सुबोध केरकरांचं म्युझियम ऑफ गोवा बघा. मिरची, शिंपले, होडी असल्या वस्तूंतून तिथे गोव्याचा इतिहास भेटतो. डिसेंबरात आलात तर सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, २०१६ पासून. तेव्हा मांडवीकाठचं बहुतेक सगळं शहरच गॅलरी होतं.

गाण्यासाठी कांपालची कला अकादमी. इमारत वास्तुकार चार्ल्स कोरियांची, नाट्यगृहाला नाव मास्टर दीनानाथांचं. जायच्या आधी कार्यक्रम विचारून घ्या. केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोह जमला तर चुकवू नका. केरी गावच्या या बाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली!

पण माझं मत विचाराल तर खरं गाणं देवळात ऐका. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत दामोदर भजनी सप्ताह सुरू होतो. चोवीस तास अखंड भजन, आणि रात्री निघणाऱ्या 'पारां'त, म्हणजे मिरवणुकांत, चांगले गवई रस्त्यावर बसून गातात. तिकीट नाही, निमंत्रण नाही. तुमची तारीख बदलता येत असेल तर श्रावणातच या. छत्री आणा.