बहिऱ्या बाळाच्या कॉक्लिअर इम्प्लांटला आई-वडील नाही म्हणू शकतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा भाऊ आणि भावजय दोघंही जन्मापासून बहिरे, घरात दोघांचं सगळं बोलणं खुणांच्या भाषेत. त्यांचं अकरा महिन्यांचं बाळ बेरा टेस्टमध्ये (आवाज ऐकवून कानाच्या नसेचा आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणारी तपासणी) दोन्ही कानांनी बहिरं निघालं. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणाच्या नसेला थेट विजेचे संकेत देणारं, ऑपरेशन करून बसवायचं यंत्र, सुचवलं, सरकारी योजनेतून होऊ शकेल असंही सांगितलं, आणि भाऊ-भावजयीनं नकार दिला. तुमची आई तेव्हापासून जेवेना झालीय. बहिरेपण हे अपंगत्व असताना आईबापांना उपचार नाकारण्याचा हक्क कसा काय असू शकतो, आणि कोणाकडे तक्रार करता येईल का, असं तुम्ही विचारताय. मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होते. बहिऱ्या आईबापांची बहिरी मुलं शिकवली, ऐकणाऱ्या घरांतली शिकवली, इम्प्लांट झालेलीही शिकवली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तक्रारीचं आधी सांगते, कारण ते पाऊल घाईत उचललं तर घर कायमचं तुटेल. बाळाचे पालक ते दोघं आहेत. ऑपरेशनला संमती त्यांची लागते. आजीची किंवा आत्याची चालत नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल आणि पालक उपचार अडवत असतील तर उच्च न्यायालय मुलाच्या हितासाठी मधे पडू शकतं. बहिरेपणानं जीव जात नाही, आणि इम्प्लांट हे जीव वाचवणारं ऑपरेशन नव्हे. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९ असं सांगतं की अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून वेगळं करता येणार नाही; मुलाच्या हितासाठी गरज पडलीच तर सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात २००२ साली जवळपास असाच प्रश्न कोर्टात गेला होता. आई बहिरी, तिची दोन लहान मुलंही बहिरी. दुसऱ्याच कारणावरून मुलं तात्पुरती सरकारी देखरेखीखाली गेली होती. मुलांच्या बाजूनं नेमलेल्या वकिलानं मागणी केली की आई नको म्हणत असली तरी इम्प्लांट करून टाकावं. न्यायाधीश कॅथलीन फीनी यांना स्वतःला इम्प्लांट मुलांच्या हिताचं वाटत होतं, पण आईच्या मर्जीविरुद्ध ऑपरेशनचा आदेश द्यायला त्यांनी नकार दिला. मला तो निकाल पटतो. निरोगी बाळाची कवटी कोरायची की नाही, हे ठरवणं ज्यांना त्याला रोज वाढवायचंय त्यांच्याच हाती असलं पाहिजे.

आता अपंगत्वाचं. कायद्यानं बहिरेपण अपंगत्व आहेच. बोलण्याच्या आवाजाच्या पट्टीत दोन्ही कानांची ऐकण्याची घट ७० डेसिबल (आवाज मोजण्याचं एकक) असेल तर ती व्यक्ती बधिर, ६० ते ७० च्या दरम्यान असेल तर ऐकायला कमी येणारी. तुमच्या भावाकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, असेलच. बाळाचंही काढा, इम्प्लांट होवो न होवो. सरकारी नोकऱ्यांतलं चार टक्के आरक्षण, त्यातला कर्णबधिरांचा एक टक्का, उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागा, हे सगळं त्या प्रमाणपत्रावर मिळतं. ‘आम्ही अपंग नाही’ असं म्हणणारा बहिरा माणूस ते कार्ड खिशात ठेवतो यात मला काहीच विसंगत वाटत नाही. कायद्याची व्याख्याच मुळी अशी आहे की शरीरातली उणीव आणि समाजातले अडथळे एकत्र आले की माणसाचा सहभाग अडतो. म्हणजे निम्मं दुखणं कानात आणि निम्मं बाहेर.

ते बाहेरचं निम्मं किती मोठं आहे हे पाहायचं तर अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाचं उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चिलमार्क गावात आनुवंशिकतेमुळे साधारण पंचवीस माणसांत एक जन्मतः बहिरा होता. त्यामुळे ऐकणारेही लहानपणापासून खुणांची भाषा बोलत. मासेमारी, शेती, लग्नं, गावकीच्या बैठका, सगळ्यात बहिरी माणसं सामील. बहिरं असल्यामुळे एखाद्याचं काही अडतंय असं तिथे कोणाला वाटतही नसे.

पण याच्या पुढे जाऊन ‘बहिरेपण ही फक्त एक संस्कृती आहे, त्यात उणीव काहीच नाही’ असं मी म्हणणार नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न, फलाट बदलल्याची स्टेशनवरची घोषणा, रात्री शेजारच्या खोलीत बाळाचं रडणं, हे समाज कितीही चांगला असला तरी कानानंच कळतं. तुमचा भाऊ-भावजय याला तोंड देतच जगतात. त्यांनी आपल्या पद्धती बसवल्या असतील: दारावर बेलऐवजी दिवा, उशीखाली थरथरणारं घड्याळ. त्यांना बहिरेपण काय असतं हे त्या डॉक्टरांपेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांचा नकार अडाणीपणातून आलेला नाही, हे आधी घरात सगळ्यांनी मान्य करा.

मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. जूनमध्ये बालवर्गात नवी मुलं यायची तेव्हा पाच वर्षांची दोन बहिरी मुलं शेजारी शेजारी बसलेली असत. एक बहिऱ्या आईबापांचं. ते आल्या आल्या हातांनी सांगायला लागे: काल मामा आला, त्यानं गाडी धुतली, मला पुढे बसवलं नाही, का नाही बसवलं? दुसरं चांगल्या खात्यापित्या, ऐकणाऱ्या घरातलं. त्याला स्वतःला नाव आहे हेही माहीत नसे. पाणी हवं तर माठाकडे बोट, नाही मिळालं तर आकांत. काल, उद्या, का, कोणाचं, यातलं काहीच त्याच्यापाशी नसायचं. आईला त्याच्यापुरते चार-सहा इशारे कळत, आणि तेवढंच त्याचं जग. दोघांचा बेरा रिपोर्ट सारखाच असायचा. पहिलं वर्षभरात वाचायच्या वाटेला लागे. दुसऱ्याला भाषा म्हणजे काय हेच आधी शिकवावं लागे, आणि ती गाडी पुढे कधी पूर्ण रुळावर येत नसे. मेंदूची भाषा घेण्याची उमेद पहिल्या पाचेक वर्षांत सगळ्यात जोरात असते. ती वर्षं कोरडी गेली तर नंतर ना बोलणं धड येतं ना खुणा.

जगातली दहांतली नऊपेक्षा जास्त बहिरी मुलं ऐकणाऱ्या घरांत जन्मतात, म्हणून हे दुसरं मूल आपल्याला जास्त दिसतं. तुमचं भाचरू त्यातलं नाही. त्याला जन्मल्या दिवसापासून आईच्या हातांवर पूर्ण भाषा मिळतेय. खुणांच्या घरातली बाळं हातांनी बोबडं बोलतात, जशी ऐकणारी बाळं बा-बा दा-दा करतात. तुम्ही पुढच्या वेळी गेलात की भावजय त्याला भरवते तेव्हा जरा बसून बघा. ती आधी बाळाची नजर येईपर्यंत थांबेल, गुडघ्याला हलकेच स्पर्श करेल, मग वाटी दाखवून खूण करेल आणि त्याच्या उत्तराची वाट बघेल. ऐकणाऱ्या आयांना हे शिकवायला आम्हाला महिनोन्‌महिने लागायचे.

म्हणून माझं मत असं: भाऊ-भावजयीला ऑपरेशन नाकारण्याचा कायदेशीर हक्क तर आहेच, पण नैतिकही आहे, कारण नकार देताना ते बाळाच्या हातात दुसरी पूर्ण भाषा देत आहेत. हेच ऐकणाऱ्या आईबापांनी केलं असतं, खुणाही शिकल्या नसत्या, ‘मोठा झाला की बोलेल, आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात’ म्हणत बाबा-बुवांकडे फिरले असते, तर त्याला मी हेळसांड म्हटलं असतं. आणि इम्प्लांट करून घेऊन ‘आता खुणा अजिबात नकोत, नाहीतर बोलणार नाही’ म्हणणारे पालकही माझ्या लेखी तीच चूक करतात.

ही खुणांची भीती आली कुठून? १८८० मध्ये मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद झाली. तिनं ठराव केला की शिक्षण तोंडी बोलण्यातूनच द्यावं. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकणारे. त्याचा परिणाम जगभरच्या शाळांवर शंभर वर्षं राहिला, आपल्याकडेही. वर्गात खुणा बंद, ओठ वाचा, घशाला हात लावून आवाज काढा. आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की सगळं मैदान खुणांनी बोलायला लागायचं! त्याच परिषदेच्या २०१० च्या व्हँकुव्हर अधिवेशनानं ते जुने ठराव फेटाळले. खुणांमुळे बोलणं बिघडतं याला ठोस आधार नाही. उलट बहिऱ्या आईबापांच्या घरात खुणा बोलत वाढलेली मुलं इम्प्लांटनंतर तोंडी भाषाही चांगली उचलतात, असं अभ्यासांत दिसलंय.

हे शेवटचं वाक्य भावापर्यंत नक्की पोचवा, कारण त्याच्या नकारामागे ‘मशीन बसवलं की पोरगं आमच्यातून जाईल’ ही भीती असू शकते. ती खोटी नाही. इम्प्लांट केलेल्या मुलांना बहिऱ्यांपासून मुद्दाम लांब ठेवलं जातं हे मी पाहिलंय. अमेरिकेतल्या बहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९१ मध्ये मुलांवरच्या इम्प्लांटला कडाडून विरोध केला होता. २००० साली त्यांनीच भूमिका बदलून पालकांच्या निवडीला मान दिला. म्हणजे इम्प्लांट आणि खुणा यांतलं एकच निवडायचं असं काही नाही.

तुमच्या आईच्या मनातही इम्प्लांटचं चित्र बहुधा असं असेल की ऑपरेशन झालं, मूल ऐकायला लागलं. तसं नसतं. कानामागे त्वचेखाली एक भाग बसतो, त्याची बारीक तार आतल्या कानाच्या शंखात जाते. बाहेर आवाज पकडून त्याचे संकेत करणारा प्रोसेसर आणि ते आत पोचवणारी, चुंबकानं चिकटणारी कॉइल. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी स्विच ऑन, मग वारंवार मॅपिंग, म्हणजे मुलाला मानवेल तसं मशीन जुळवणं, आणि काही वर्षं नियमित थेरपी. आंघोळीला, झोपताना मशीन काढलं की मूल पूर्ण बहिरं. आमच्या वर्गात एका मुलाची केबल ऐन पावसाळ्यात तुटली. वॉरंटी संपलेली, घरी पैसे नाहीत. नवी केबल येईपर्यंत कित्येक आठवडे तो मुलगा बाकावर नुसता बसून असायचा. घरच्यांनी त्याला खुणा शिकू दिल्या नव्हत्या, त्यामुळे त्या दिवसांत त्याच्याशी कोणालाच बोलता येईना. योजनेतून इम्प्लांट मिळालं तरी पुढचा हा खर्च कोण करणार, ते आधी ठरवावं लागतं.

आता भावाला जे कडू लागेल ते. ‘मोठा झाला की तो स्वतः ठरवेल’ असं तो म्हणत असेल तर ते खरं नाही. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग आवाजाविना फार काळ वाट बघत नाही. साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालं तर निकाल सगळ्यात चांगला, सातच्या पुढे बोलणं समजण्याइतका उपयोग होण्याची शक्यता खूपच घटते. अठराव्या वर्षी त्यानं होय म्हटलं तरी जे आज मिळू शकतं ते तेव्हा मिळणार नाही. आजचा नकार हा बहुतेक कायमचा नकार आहे, आणि तो तसाच समजून-उमजून द्यावा. बाळाला मेंदूज्वर होऊन बहिरेपण आलं असतं तर मी आणखी घाई करा म्हटलं असतं, कारण त्यात आतल्या कानात हाड भरत जातं आणि काही आठवड्यांत-महिन्यांत तार बसवायची वाटच बंद होऊ शकते. जन्मजात असल्यामुळे विचाराला थोडा वेळ आहे, पण वर्षानुवर्षं नाही.

त्या वेळात काय करता येईल? दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावून काही महिने पाहणं इम्प्लांटच्या आधी तसंही करतातच. त्यात चिरफाड नाही; भाऊ-भावजय त्याला कदाचित तयार होतील. त्यांची गाठ अशा बहिऱ्या कुटुंबाशी घालून द्या ज्यांच्या मुलाला इम्प्लांट आहे आणि घरात खुणाही चालू आहेत. आणि डॉक्टरांशी पुढची भेट दुभाषा घेऊनच होऊ दे. आतापर्यंत सगळं तुमच्यामार्फत झालं असेल, तर त्यांना निम्मं कळलंय असं धरून चाला. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या सगळ्याची माहिती एका छताखाली मिळते.

आता तुमच्या आईविषयी. नातू आपल्याशी बोलणार नाही याचं दुःख त्यांना खातंय. पण इम्प्लांट झालं तरी तो घडाघडा बोलायला काही वर्षं लागतील, आणि खुणा मात्र तो आज समजतोय. त्यांनी भावजयीकडून रोजच्या वापरातल्या खुणा शिकायला या आठवड्यातच सुरुवात करावी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश केलाय, तो मोबाईलवर फुकट बघता येतो. तुम्हीही शिका. पुढे कधी त्यांनी इम्प्लांटला होय म्हटलंच, तर घरात मराठी कानावर घालायला तुम्ही दोघीच असणार आहात, आणि त्या वेळी भावजयीचा तुमच्यावर विश्वास असायला हवा.

एक तपासा. बाळाचं एमआरआय झालं असेल तर रिपोर्टात श्रवणाच्या नसेबद्दल काय लिहिलंय ते भावाला विचारा. काही मुलांत ती नस नसतेच किंवा फार बारीक असते, आणि नस नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोगच होत नाही. तसं निघालं तर घरातलं हे भांडण निष्कारण चाललंय, आणि एमआरआय झालंच नसेल तर डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारा.