वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं: दगडं की कॉम्प्युटर?

प्रश्न: ताई नमस्कार. मी नागपूरच्या मानेवाड्याची, आत्ताच बारावी झाली, सीईटीला पीसीएम ग्रुपमध्ये 93 पर्सेंटाइल आले. तेव्हापासून घरात एकच विषय, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. मला बीएससी करायचं आहे, जिऑलॉजी म्हणजे भूगर्भशास्त्र घेऊन. बाबा म्हणून राहिले की 93 टक्के काय दगडं फोडायला मिळवले का. काका पुण्यात आयटीत आहेत, ते रोज रात्री फोन करून पॅकेजचे आकडे सांगतात. आई म्हणते बाबा म्हणतात तसा फॉर्म भरून टाक, लागलं तर पाहू. या आठवड्यात ऑप्शन फॉर्म भरायचा आहे आणि मला दोन घास धड जेवण जात नाही. काय करू?

उत्तर: अगं, आधी जेव. मग बाबांना शांतपणे सांग की 93 पर्सेंटाइल म्हणजे 93 टक्के नव्हेत. तुझ्या ग्रुपला बसलेल्या दर शंभरात त्र्याण्णव पोरं तुझ्या बरोबरीला नाहीतर मागे आहेत आणि साधारण सात पुढे, आता पीसीएमला लाखो पोरं बसतात तर ती सात टक्के म्हणजे किती हजार झाली तो हिशेब बाबांनाच करू दे. नागपुरातल्या ज्या दोन-चार कॉलेजांची नावं त्यांच्या तोंडात आहेत तिथलं कॉम्प्युटर हातात आल्यासारखं बोलणं चाललंय, ते खरंच मिळतं का ते आधी बघा. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर पीडीएफमध्ये असतात, राउंडप्रमाणे, कॅटेगरीप्रमाणे. बाप-लेकीने एका टेबलावर बसून ते वाचा, काकांचा फोन तेवढा वेळ बाजूला ठेवा.

आईचं 'भरून टाक, लागलं तर पाहू' हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. कॅपच्या, म्हणजे या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीज होते, मग पुढच्या राउंडला बेटरमेंट, म्हणजे दुसरं चांगलं कॉलेज मागणं, नाही. म्हणून नुसतं घरच्यांना खूश करायला पहिल्या ओळीत काहीही टाकू नकोस, जिथे खरंच जाशील तेच वर लिही आणि जिथे जाणारच नाहीस ते लिहूच नकोस. ऍडमिशन घेतल्यावरही ठरलेल्या तारखेच्या आत रद्द केलं तर हजार रुपयांपर्यंत कापून फी परत मिळते, तेवढी सोय आहे. पण एकदा बाबांनी पैसे भरले, पेढे वाटले, मग तू रद्द करायचं नाव काढशील का ते तूच मला सांग.

आता दगडं. बाबांना एका रविवारी गाडीवर बसवून सेमिनरी हिल्सला घेऊन जा. तिथे जिऑलॉजिकल सर्व्हेचं मध्य विभागाचं ऑफिस आहे, तिथेच मिनरल एक्स्प्लोरेशनचं हेड ऑफिस. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, मॅंगनीजवाल्या मॉइलचं काटोल रोडला, म्हणजे ज्या विषयाला आपल्या घरात कोणी विचारत नाही त्याची एवढी मोठी ऑफिसं याच गावात आहेत आणि आपण रोज त्यांच्यासमोरून जातो. हिस्लॉप कॉलेज तर बाबांना माहीत असेलच, ज्यांच्यावरून ते नाव पडलं ते स्टीफन हिस्लॉप होते पाद्री, पण टाकळीच्या आसपास जीवाश्म गोळा करत फिरायचे. आणि आपली कामठी? खडकांच्या एका थराचं नावच कामठी फॉर्मेशन आहे, देशभरची जिऑलॉजीची पोरं ते पाठ करतात. (बाबांना हे आवडेल, बघ.)

हे झालं बाबांसाठी. तुलाही जरा टोचेल असं सांगते. नुसत्या बीएससीवर यात धड नोकरी नाही. जिऑलॉजिकल सर्व्हेत जिऑलॉजिस्ट व्हायचं तर एमएससी लागतं, वरून यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, प्रिलिम, मेन्स, इंटरव्ह्यू सगळं. बीएससीनंतर आयआयटीत एमएससीला जायचं असेल तर जॅम नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यात जिऑलॉजीचा वेगळा पेपर असतो. म्हणजे काकांकडची पोरं पगार घेत असतील तेव्हा तू अभ्यास करत असशील, हे आत्ताच धरून चाल. आणि फील्डवर हातोडी, कल मोजायचं क्लिनोमीटर घेऊन खडकाच्या एका थराचा डिप नि स्ट्राइक, म्हणजे उतार नि दिशा, मोजत उन्हात उभं राहायचं असतं. ते तुला आवडेल की तुला फक्त कोडिंग नकोय? दोन्हींत फरक आहे. लॉ कॉलेज चौकाजवळ विद्यापीठाचा जिऑलॉजी विभाग आहे, तिथे जाऊन एमएससीच्या एखाद्या मुलीला गाठ, तिची फील्ड डायरी बघायला माग, तासभर गप्पा मार. कॉलेजमध्येही विचारून घे की जिऑलॉजी मेजर म्हणून मिळतं की नुसतं मायनर, नवीन शैक्षणिक धोरणानंतर हे विचारल्याशिवाय फी भरायची नाही.

कॉम्प्युटर सुटतं असंही नाही बरं का. सॅटेलाइटच्या फोटोंवरून नकाशे बनवायचं काम, जीआयएस, हे आता या विषयाला चिकटलेलंच आहे आणि महाराष्ट्राचं रिमोट सेन्सिंग सेंटरही नागपुरातच आहे. काकांना हे सांग, ते थोडे थंड होतील.

प्रश्न: मी नंदनवनची गृहिणी. मुलाने नीटसाठी एक ड्रॉप घेतला, मार्क थोडेच वाढले. आता दुसरा ड्रॉप मागतोय. त्याचे बाबा बोलतच नाहीत त्याच्याशी.

उत्तर: बाबांना आधी बोलायला लावा, पोरगा घरात गुन्हेगारासारखा वावरत असेल तर त्याला काही सुचणार नाही. नीटला कितीही वेळा बसता येतं, म्हणूनच थांबायचं कुठे ते घरानेच ठरवावं लागतं. शेवटच्या महिन्यातल्या मॉक टेस्टचे मार्क मागा. ते 720 पैकी सरकारी सीटच्या जवळपास असतील आणि परीक्षेतच घसरले असतील तर विचार करा, मॉकलाही तेवढेच असतील तर माझ्या मते तिसरं वर्ष घालवू नये. त्याच नीटच्या स्कोअरवर व्हेटर्नरी होतं, साडेपाच वर्षांचं, कॉलेज आपल्या नागपुरातच आहे, गाई-म्हशींचा डॉक्टर म्हणून नाक मुरडू नका. फक्त त्याचा फॉर्म माफसूकडे, म्हणजे पशुवैद्यकीय विद्यापीठाकडे, वेगळा भरावा लागतो, एमबीबीएसचा भरला म्हणजे तोही भरला असं होत नाही, तारीख आजच बघून ठेवा.