दिवंगत आजोबांच्या एआय आवाजात लग्नात आशीर्वाद वाजवणं कायदेशीर आहे का?

पुण्यातल्या कार्यालयात घरच्यांपुरतं वाजवायला थेट मनाई करणारा कायदा नाही. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे येत नाही. त्यामुळे ‘आम्ही वारस, आमची परवानगी आहे’ याला कायद्यात फार वजन नाही. घरात मात्र आहे. आजी आणि आजोबांच्या सगळ्या मुलांना आधी विचारा. एकाचाही नकार आला तर विषय सोडा.

नातेवाइकांना दुखावण्याच्या हेतूने केलेली मृताची बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा ठरू शकतो. वाटणी, मृत्युपत्र, जुनी भांडणं यांवर आजोबांच्या तोंडी अक्षर घालू नका.

आवाजाला एक-दोन मिनिटांचं स्वच्छ, एकट्याचं रेकॉर्डिंग बहुधा पुरतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटमधली पंख्याची घरघरही आवाज बनवणारं एआय मॉडेल उचलतं. ‘ळ’चा ‘ल’ होण्याची शक्यता असते, म्हणून ‘बाळा’ऐवजी नाव घाला. आवाज एआयचा आहे हे निवेदकाने आधीच सांगावं. कार्य उरकलं की क्लोन (एआयने केलेली आवाजाची नक्कल) आणि दिलेले नमुने दोन्ही, ज्या ऑनलाइन सेवेवर आवाज बनवला तिथून डिलीट करा, नाहीतर उद्या त्याच आवाजाचा गैरवापर व्हायचा.